समुद्रावरचा वारा आणि भूमचा पाऊस

भूमपासून समुद्र लांब आहे. पश्चिमेला सरळ रेषेत निघालं तर अरबी समुद्राचा किनारा पावणेतीनशे किलोमीटरच्या पुढे लागतो आणि वाटेत सह्याद्री आडवा येतो. पूर्वेचा बंगालचा उपसागर तर त्याहूनही कितीतरी लांब. बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेला धाराशिव जिल्ह्यातला हा तालुका पर्जन्यछायेत येतो. वर्षाला साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्याचाही भरवसा नाही. तरी ईट, अंभी, माणकेश्वर, वालवड या गावांच्या शिवारात जे पाणी पडतं, त्यातलं बहुतेक आधी समुद्रावरून वाफ होऊन निघालेलं असतं आणि वाऱ्याने इथवर वाहून आणलेलं असतं. त्यामुळे भूमच्या पावसाचा अंदाज भूमच्या आभाळाकडे बघून फार पुढचा करता येत नाही. त्यासाठी शेकडो, हजारो किलोमीटर दूर, उघड्या समुद्रावर वारा किती आणि कुठल्या दिशेने वाहतोय हे ठाऊक असावं लागतं.

या वाऱ्याची वाट मोठी आहे. दक्षिण गोलार्धातून निघालेला वारा केनिया-सोमालियाच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतो आणि नैर्ऋत्येकडून अरबी समुद्र पार करत आपल्या किनाऱ्यावर येतो. समुद्रसपाटीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर त्याचा वेग सगळ्यात जास्त असतो. जमिनीपासून फार उंच नसलेला हा वेगवान झोत भारतीय द्वीपकल्पावरून जातो, हे पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन यांनी १९६६ साली दाखवून दिलं. पुढे १९६९ मध्ये फाइंडलेटर यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यापासूनचा त्याचा सगळा मार्ग मांडला. पावसाळ्यात धाराशिव जिल्ह्यातल्या माळांवरच्या पवनचक्क्या ज्या पश्चिमेच्या वाऱ्यावर फिरतात, तो याच झोताचा जमिनीवर पोचलेला भाग. वाटेत सह्याद्री चढताना या वाऱ्यातलं बरंच पाणी कोकणात आणि घाटमाथ्यावर सांडतं. उरलेली वाफ घेऊन तो इकडे उतरतो, आणि उतरणारी हवा सहसा पाऊस देत नाही. म्हणून भूमला नुसतं वारं सुटून भागत नाही. त्या वाऱ्याला वर उचलणारं काहीतरी लागतं, आणि बऱ्याचदा ते बंगालच्या उपसागरातून येतं. त्याकडे पुढे येऊ.

आधी अडचण कुठे होती ते बघू. जमिनीवर हवामानखात्याची केंद्रं आहेत, मुंबई, नागपूर, गोवा अशा ठिकाणांहून हवेत फुगे सोडून वरचा वारा मोजला जातो, महसूल मंडळांत स्वयंचलित यंत्रं बसली आहेत. समुद्रावर यातलं काही नाही. तिथे पूर्वी एकच आधार होता, तो जहाजांचा. जहाजावरचा अधिकारी ठरलेल्या वेळी वारा, दाब, तापमान नोंदवून किनाऱ्याला कळवायचा. पण जहाजं ठरावीक मार्गांनीच जातात, आणि वादळाची चाहूल लागली की कोणताही शहाणा कप्तान तिथून जहाज बाजूला काढतो. मासेमारी नौकांचंही तसंच. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेनंतरच जोमाने दर्यात उतरतात. म्हणजे ज्या दोन महिन्यांत समुद्रावरची बातमी सगळ्यात जास्त हवी, नेमकं त्याच काळात समुद्रावर माणसं सगळ्यात कमी. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने पुढे खोल पाण्यात तरंगती यंत्रं नांगरून ठेवली. त्यांच्या नोंदी फार मोलाच्या आहेत, पण एवढ्या अफाट समुद्रात ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मधल्या हजारो चौरस किलोमीटरवर काय चाललंय, हे पूर्वी अंदाजपंचेच ठरवावं लागे.

ही पोकळी उपग्रहाने भरून काढली, आणि ज्या युक्तीने भरून काढली ती मला या सगळ्या शास्त्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. उपग्रह वारा बघतच नाही. वारा दिसत नाही, आणि सातशे किलोमीटर उंचीवरून हवेत हात घालून तो मोजताही येत नाही. उपग्रह बघतो ते वाऱ्याने पाण्यावर उठवलेल्या सुरकुत्या.

दुसऱ्या महायुद्धात जहाजांवरच्या रडारचालकांना एक त्रास होता. शत्रूची बोट शोधायला रडारच्या लहरी सोडल्या की समुद्राच्या पृष्ठभागावरूनच इतका गोंगाट परत यायचा की त्यात बोट हरवून जाई. वारा वाढला की हा गोंगाटही वाढतो, हे लवकरच लक्षात आलं. लढणाऱ्यांना जो अडथळा होता तोच पुढे हवामानशास्त्रज्ञांना मोजमापाचं साधन म्हणून हवा झाला.

रात्री एखाद्या शांत तळ्यावर बॅटरीचा झोत तिरका टाकला तर सगळा उजेड पलीकडे निघून जातो आणि पाणी आपल्याला काळं दिसतं. वाऱ्याने पाणी खरबरीत झालं की त्यातला थोडा उजेड आपल्याकडे परत येतो. उपग्रहावरचं रडार समुद्राशी हेच करतं, फक्त उजेडाऐवजी सूक्ष्मलहरी वापरतं. या उपकरणाला स्कॅटरोमीटर म्हणतात. ते तिरक्या कोनातून लहरी सोडतं आणि समुद्राने त्यातल्या किती परत फेकल्या ते मोजतं. जास्त परत आल्या म्हणजे पाणी जास्त खरबरीत, म्हणजे वारा जास्त.

इथे एक बारकावा आहे. समुद्रावर मोठ्या लाटा असतातच, आणि त्यांचा तिथल्या या क्षणाच्या वाऱ्याशी संबंध असेलच असं नाही. हजार किलोमीटरवर चार दिवसांपूर्वी झालेल्या वादळाच्या लाटा आज निवांत हवेतही रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आपटू शकतात. पण त्या मोठ्या लाटांच्या अंगावर काही सेंटिमीटरच्या बारीक लहरी असतात. वारा सुटला की त्या लगेच उठतात आणि पडला की झपाट्याने विरतात. स्कॅटरोमीटरला नेमक्या याच लहरी दिसतात, कारण त्याच्या रडारलहरींची लांबीही तेवढीच असते. इस्रोच्या उपकरणांत ती साधारण सव्वादोन सेंटिमीटर आहे, युरोपच्या मेटॉप उपग्रहांवरच्या उपकरणांत साधारण पावणेसहा सेंटिमीटर. पाण्यावरच्या लहरींचा आकार आणि रडारलहरींची लांबी जुळली की परत येणारा संकेत एकमेकांत मिळून बळकट होतो. म्हणून उपग्रहाला जुन्या वादळाच्या आठवणी नकोत, आत्ताचा वारा हवा, आणि तो या सुरकुत्यांत मिळतो.

वेग कळला, पण दिशा कशी कळणार? त्यासाठी आणखी एक गुण कामाला येतो. वारा समोरून किंवा पाठीमागून येत असेल त्या दिशेने बघितलं तर परतीचा संकेत सगळ्यात जोरकस असतो, आणि वाऱ्याला आडवं बघितलं तर सगळ्यात क्षीण. म्हणून समुद्राचा एकच तुकडा अनेक कोनांतून बघितला की त्या संकेतांच्या चढउतारावरून दिशा काढता येते. युरोपच्या उपग्रहांनी यासाठी वेगवेगळ्या दिशांना रोखलेल्या लांबट स्थिर अँटेना वापरल्या. अमेरिकेच्या क्विकस्कॅटने आणि आपल्या ओशनसॅटने दुसरा मार्ग घेतला: सुमारे एक मीटर व्यासाची तबकडी मिनिटाला साधारण वीस वेळा गोल फिरवायची, तिच्यातून वेगवेगळ्या कोनांचे दोन झोत सोडायचे. उपग्रह पुढे सरकत असतो, त्यामुळे समुद्राचा तोच तुकडा आधी पुढच्या अंगाने आणि काही मिनिटांनी मागच्या अंगाने दिसतो. दोन झोत, दोन वेळा, म्हणजे मधल्या पट्ट्यात एका जागेची चार निरीक्षणं.

तरीही शंका उरतेच. गणित सोडवलं की बऱ्याचदा दोन, कधी चारही उत्तरं निघतात. ईशान्येकडे जाणारा वारा आणि नेमका उलटा वारा, दोघांचे संकेत जवळजवळ सारखे. मग शेजारच्या तुकड्यांतल्या वाऱ्याशी कुठलं उत्तर जुळतं आणि संगणकाच्या आधीच्या अंदाजाशी कुठलं जवळचं आहे, हे बघून एक निवडतात. आणि संकेत एवढा म्हणजे वारा तेवढा, हे कोष्टक कोणी सिद्धांतातून काढून दिलेलं नाही. तरंगत्या यंत्रांनी मोजलेला वारा आणि त्याच वेळी उपग्रहाला मिळालेला संकेत यांच्या असंख्य जोड्या लावून ते वर्षानुवर्षांच्या मेहनतीने घडवलं आहे. आज या पद्धतीने समुद्रापासून दहा मीटर उंचीवरच्या वाऱ्याचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंतच्या आणि दिशा वीस अंशांपर्यंतच्या चुकीने सांगता येते. सूक्ष्मलहरी ढगांतून पार जातात, रात्र-दिवस त्यांना सारखेच. पावसाळ्यात महिनोन्महिने ढगांखाली झाकलेल्या अरबी समुद्रासाठी हा गुण किती मोठा आहे, हे सांगायला नको.

या उपकरणांचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर तो यशापेक्षा चिकाटीचा आहे. १९७३ च्या स्कायलॅब अवकाशस्थानकावर पहिला प्रयोग झाला. १९७८ च्या जूनमध्ये गेलेला अमेरिकेचा सीसॅट विजेच्या बिघाडाने साडेतीन महिन्यांत बंद पडला, पण तेवढ्यातही ही युक्ती चालते हे त्याने दाखवून दिलं. त्यानंतर युरोपचा ईआरएस-१ जायला १९९१ उजाडलं. जपानच्या मिदोरी उपग्रहावरचं उपकरण १९९६ ते १९९७ असं वर्षभरही चाललं नाही. १९९९ मध्ये सोडलेल्या क्विकस्कॅटने मात्र दहा वर्षं साथ दिली आणि जगभरच्या हवामानखात्यांना समुद्रवाऱ्याच्या रोजच्या नकाशाची सवय लावली.

इथे भारत पुढे आला. २३ सप्टेंबर २००९ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी१४ ने ओशनसॅट-२ कक्षेत नेला. त्यावरचा स्कॅटरोमीटर अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने घडवलेला. ७२० किलोमीटर उंचीवरून तो एका फेरीत सुमारे १८०० किलोमीटर रुंद पट्टा बघायचा आणि दोन दिवसांत जवळजवळ सगळे महासागर पालथे घालायचा. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, २३ नोव्हेंबर २००९ ला, क्विकस्कॅटच्या तबकडीचं फिरणं थांबलं. त्या पद्धतीचा जगातला मोठा आधार गेला आणि त्या जागी आपला उपग्रह उभा राहिला. त्याची निरीक्षणं नेदरलँड्सच्या हवामान संस्थेत प्रक्रिया होऊन युरोपात वापरली गेली. २०१२ मध्ये अमेरिकेवर धडकलेल्या सँडी वादळाच्या वाऱ्याचा नकाशा नासाने याच भारतीय उपकरणाच्या मोजमापांवरून प्रसिद्ध केला. या गोष्टीचा मराठी शाळांतल्या मुलांना अभिमान वाटायला हवा, पण त्यांच्यापर्यंत ती पोचलेलीच नाही.

फेब्रुवारी २०१४ मध्ये ओशनसॅट-२ वरचा स्कॅटरोमीटर थांबला. ती उणीव भरण्यासाठी इस्रोने केवळ या एका उपकरणाचा, ३७१ किलो वजनाचा स्कॅटसॅट-१ तयार केला आणि २६ सप्टेंबर २०१६ ला सोडला. तो २०२१ च्या फेब्रुवारीअखेर शांत झाला. अडीच महिन्यांतच, मे २०२१ मध्ये, तौक्ते चक्रीवादळ अरबी समुद्रातून गुजरातकडे गेलं आणि वाटेत मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा बार्ज बुडून अनेक कामगारांचा जीव गेला. त्या वेळी युरोपचे मेटॉप उपग्रह वारा मोजत होते, पण आपला स्वतःचा स्कॅटरोमीटर आकाशात नव्हता. पुढचा, ओशनसॅट-३ वरचा, २६ नोव्हेंबर २०२२ ला गेला. म्हणजे मधे पावणेदोन वर्षं रिकामी. उपग्रहांचं आयुष्य ठरलेलं असतं, कधी त्याहूनही कमी निघतं. एक चालू असतानाच दुसरा तयार ठेवला नाही तर असा खंड पडतो, आणि मोसमी पाऊस काही त्यासाठी थांबत नाही.

आता हा वाऱ्याचा नकाशा अंदाजात कसा शिरतो ते पाहू. आजचा हवामान अंदाज म्हणजे प्रचंड गणित आहे. पृथ्वीभोवतीच्या हवेचे चौकोनी तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यातला दाब, तापमान, ओलावा, वारा संगणकाला द्यायचा आणि भौतिकशास्त्राच्या नियमांनी तो काही मिनिटांच्या टप्प्याटप्प्याने पुढे चालवायचा. सुरुवात चुकली तर पुढचं सगळं चुकतं, आणि चूक दिवसागणिक वाढत जाते. म्हणून दर काही तासांनी संगणक आपला आधीचा अंदाज आणि नव्याने आलेली निरीक्षणं यांची सांगड घालतो. कुठे अंदाजावर जास्त विश्वास ठेवायचा आणि कुठे निरीक्षणावर, हे दोघांच्या नेहमीच्या चुका किती असतात यावरून ठरतं. जमिनीवर निरीक्षणं भरपूर असतात. समुद्रावर नसतात, म्हणून तिथे स्कॅटरोमीटरचा एकेक बाण भारी पडतो. कमी दाबाचं केंद्र संगणकाने शंभर किलोमीटर उत्तरेला धरलं असेल तर हे बाण त्याला ओढून जागेवर आणतात.

हे काम नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रात आणि हवामानखात्यात चालतं, आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. शिवाजीनगरच्या ज्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात, तिथे १९२८ पासून हवामानखात्याचं काम चालू आहे. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ मध्ये प्रत्युष हा महासंगणक आला, २०२४ मध्ये अर्क आला. याच संस्थेने घडवलेली भारत फोरकास्ट सिस्टीम २६ मे २०२५ ला कामाला लागली. तिच्यातल्या तुकड्याची रुंदी सहा किलोमीटर, आधीच्या पद्धतीत ती बारा किलोमीटर होती. आणि मोसमी पावसाच्या अंदाजात आपल्याकडची रॉकेट आणि हवामान ही दोन्ही क्षेत्रं जोडणारा माणूस मराठीच होता: तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक राहिलेले वसंत गोवारीकर. १९८८ पासून वापरात आलेलं सोळा घटकांचं मान्सून प्रतिमान त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालं. ते संपूर्ण हंगामाचं भाकीत होतं, इथे आपण बोलतोय ते चार-पाच दिवसांच्या अंदाजाबद्दल. पण अवकाशातलं तंत्र शेतापर्यंत आणायची वाट त्या पिढीने आखून दिली.

समुद्रावरच्या वाऱ्याचा सगळ्यात ठळक उपयोग दरवर्षी मे-जूनमध्ये होतो, आणि तो बहुतेकांना माहीत नाही. केरळात मान्सून आला, ही बातमी नुसत्या पावसावरून दिली जात नाही. हवामानखात्याच्या २००६ पासूनच्या निकषांत तीन गोष्टी आहेत. ठरलेल्या १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर १० मेनंतर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस हवा. ढग पुरेसे दाट आणि उंच आहेत, हे उपग्रहाने मोजलेल्या उष्णतेच्या किरणोत्सारावरून दिसायला हवं. आणि पश्चिमेचा वारा वर चांगल्या उंचीपर्यंत असायला हवा, त्यातही केरळच्या आसपासच्या व दक्षिणेकडच्या समुद्रपट्ट्यात खालच्या थरातला वारा १५ ते २० नॉट, म्हणजे ताशी साधारण २८ ते ३७ किलोमीटर असायला हवा. उपग्रहाने काढलेला वारा या निकषासाठी चालतो, हे नियमातच लिहिलं आहे. एप्रिल-मेमध्ये पडणाऱ्या वळवाच्या पावसाला मान्सून समजण्याची चूक यामुळे टळते. २०२५ मध्ये केरळात मान्सून २४ मे रोजी आल्याचं जाहीर झालं आणि दोनच दिवसांत तो मुंबईत पोचला, मुंबईत इतक्या लवकर आल्याची नोंद आधी नव्हती.

भूमच्या शेतकऱ्याला हा फरक समजून घेणं फायद्याचं आहे. वळवाचा एक जोरदार पाऊस झाला की जमीन ओली दिसते, तिफण बाहेर काढावीशी वाटते. पण त्या पावसामागे समुद्रावरून चालत आलेला वारा नसतो. जमीन तापून तिथल्या तिथे उठलेल्या ढगांतून तो पडतो आणि पुढे पंधरा दिवस तोंड दाखवत नाही. मग उगवलेलं सोयाबीन, उडीद, मूग करपतं आणि दुबार पेरणी गळ्यात येते. बियाणं, खत, मजुरी सगळं दुसऱ्यांदा. या तालुक्यात दुभती जनावरं आणि खव्याच्या भट्ट्या यांच्यावर इतकी घरं का चालतात, याचं एक कारण या बेभरवशाच्या खरिपातच आहे, आणि चाऱ्यासाठी तीही शेवटी पावसापाशीच येऊन थांबतात.

मान्सून आला तरी तो सतत पडत नाही, मध्ये खंड असतात. पाऊस जोरात असतो तेव्हा वाऱ्याचा तो वेगवान झोत द्वीपकल्पाच्या मध्यावरून जातो. खंड पडतो तेव्हा तो दक्षिणेला सरकून भारताला जवळजवळ वगळून निघून जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये देशात सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस झाला. १९०१ पासूनचा तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट, आणि मराठवाड्याने तो सोसला. असा खंड किती लांबेल, हे सांगायला समुद्रावरच्या वाऱ्यातला बदल आधी दिसावा लागतो. वारा जोर धरतो तेव्हा समुद्रातून वाफही जास्त उचलतो आणि ती किनाऱ्याकडे जास्त वेगाने वाहून नेतो, म्हणून वाऱ्याचा नकाशा हा एका अर्थी येऊ घातलेल्या पाण्याचाही नकाशा असतो.

आता बंगालच्या उपसागराकडे. मराठवाड्यात मोठा पाऊस होतो तेव्हा बहुधा तिकडे कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन ते ओडिशा, छत्तीसगड, विदर्भ अशा वाटेने पश्चिमेला सरकत असतं. त्याच्या दक्षिण बाजूला अरबी समुद्रावरचा वारा ओढला जातो आणि ती ओली हवा आपल्या डोक्यावर वर उचलली जाते. असं क्षेत्र तयार होत असताना सुरुवातीला ढग विस्कळीत असतात, नुसत्या ढगांच्या चित्रावरून केंद्र सापडत नाही. पण खाली पाण्यावर वारा गोल फिरायला लागलेला असतो आणि स्कॅटरोमीटरला तो वेटोळा दिसतो. वाऱ्याच्या वेगावरूनच त्याचं नावही ठरतं: १७ नॉटच्या आत कमी दाबाचं क्षेत्र, १७ ते २७ पर्यंत अवदाब, २८ ते ३३ तीव्र अवदाब, ३४ च्या पुढे चक्रीवादळ. १९९९ च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर फायलिन आदळलं तेव्हा ओशनसॅट-२ त्याचा वारा मोजत होता, दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले गेले आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. याचं श्रेय एकट्या उपग्रहाला नाही, गावोगावच्या निवाऱ्यांना आणि ओडिशाच्या प्रशासनालाही आहे. पण वेळेवर आणि नेमकं कळलं नसतं तर ते प्रशासन तरी काय करणार होतं?

सप्टेंबर २०२५ च्या दुसऱ्या पंधरवड्यात भूम, परांडा, वाशी या तालुक्यांनी उलटा अनुभव घेतला. दुष्काळासाठी ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यात नद्या-ओढे पात्र सोडून शेतात शिरले, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं, जमिनी खरडून गेल्या, परांडा तालुक्यात पुरात अडकलेल्यांना बाहेर काढायला हेलिकॉप्टर बोलवावी लागली. जिल्ह्याला इशारे होते. पण कोणत्या मंडळात किती आणि कुठल्या रात्री, हे कोणालाच आधी सांगता आलं नाही.

हे का सांगता आलं नाही, हे प्रामाणिकपणे मांडायला हवं, नाहीतर उपग्रहाचं कौतुक पोकळ ठरेल. स्कॅटरोमीटरचं एकेक माप साधारण २५ किलोमीटर लांब-रुंद तुकड्याचं असतं. भूम ते बार्शी हे सरळ रेषेतलं अंतर जवळपास तेवढंच. जमिनीवर तो वारा मोजूच शकत नाही. किनाऱ्यालगतच्या पाण्यावरही गडबडतो, कारण जमिनीचा संकेत त्यात मिसळतो. सव्वादोन सेंटिमीटरच्या लहरींना जोरदार पावसाचे थेंब त्रास देतात, म्हणजे वादळाच्या पोटात, जिथे माप सगळ्यात हवं, तिथेच ते संशयास्पद होतं. फार सोसाट्याच्या वाऱ्यात संकेत वाढायचा थांबतो आणि वेग खरा आहे त्याहून कमी दिसतो. एक उपग्रह एका जागेवरून दिवसातून फार तर दोनदा जातो. आणि भूमवर शेवटी पाऊस पाडणारा ढग दहा-वीस किलोमीटरचा, काही तासांच्या आयुष्याचा असतो. समुद्रावरचा वारा सांगतो की या भागाकडे पाणी येतंय, परिस्थिती पावसाची होतेय. ते पाणी ईटला सांडेल की माणकेश्वरला, हे त्यात नसतं. त्यासाठी जवळचं रडार, मंडळातलं चालू स्थितीतलं पर्जन्यमापक आणि गावात वेळेवर पोचणारा निरोप लागतो. माझ्या मते आज कमतरता आकाशात कमी आणि या शेवटच्या टप्प्यात जास्त आहे. हजार किलोमीटरवरचा वारा आपण मोजतो आणि शेवटचे दहा किलोमीटर निरोप अडतो, हे बदललं पाहिजे.

तोवर आपल्या हातात जे आहे ते नीट वाचायला शिकू. हवामानखात्याच्या अंदाजातले शब्द मोघम वाटतात, पण ते मोजून वापरलेले असतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या फार तर चौथ्या हिश्श्याच्या केंद्रांवर पाऊस, ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे तीन चतुर्थांशाच्या वर. जिल्ह्यात तुरळक ठिकाणी पाऊस सांगितला आणि आपलं शेत कोरडं राहिलं तर अंदाज चुकलेला नसतो. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे पाऊस गेला की हवामानखातं त्याला मोठा पाऊस धरतं, महसूलची अतिवृष्टीची ६५ मिलिमीटरची रेषाही तिथेच आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो, मेघदूत ॲपवरही तो मिळतो.

येत्या मे-जूनमध्ये केरळात मान्सून आल्याच्या बातमीबरोबर अरबी समुद्रावरच्या वाऱ्याचा उल्लेख येतो का ते बघा. तो वारा जोर धरून आहे, जिल्ह्याच्या पुढच्या पाच दिवसांच्या अंदाजात पाऊस टिकून आहे आणि आपल्या शिवारात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल खोलवर गेली आहे, या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका.